चलथाणचे बिनडोक पाहुणे

चलथाणमधल्या एखाद्या खानदेशी घरात 2004 ते 2010 या काळातल्या लग्नाचे नाहीतर साखरपुड्याचे फोटो मागावेत. आधी जाडजूड, गुळगुळीत पानांचा करिझ्मा अल्बम पुढ्यात येतो. तो बाजूला ठेवावा. त्यात नवरदेव-नवरी स्वित्झर्लंडच्या डोंगरापुढे उभी असतात, एकाच कमळातून दोघांचे चेहरे उमललेले असतात आणि झाडून सगळ्यांना डोकी असतात, कारण ते काम पैसे मोजून करून घेतलेलं असतं. खरा ऐवज कपाटाच्या वरच्या फळीवर कॅरीबॅगमध्ये असतो. घरच्याच कॅमेऱ्यावर घरच्याच माणसानं, म्हणजे बहुधा मामांनी, काढलेले आणि कडोदऱ्याच्या लॅबमधून छापून आणलेले चार बाय सहाचे फोटो.

या फोटोंत पाहुणे भुवयांपासून सुरू होतात आणि घोट्यापाशी संपतात.

मग ओळखपरेड बसते. सोनेरी पट्ट्याचं घड्याळ म्हणजे धुळ्याचे मोठे काका. हे पोट अमळनेरच्या जिभाऊंचं, त्यात शंकेला जागा नाही. मोरपंखी साडी शिरपूरच्या आक्काची असावी, पण तीच साडी पुढच्या वर्षी धाकटीनं नेसली होती, तेव्हा नक्की सांगता येत नाही. तेवढ्यात जिभाऊ स्वतः चष्मा सावरत फोटो हातात घेतात आणि विचारतात, "मन्हं डोकं कथं गयं रे भो?" सगळ्यांच्या नजरा मामांकडे वळतात. मामा गेली पंधरा-वीस वर्षं हा आरोप मुकाट्यानं ऐकून घेत आहेत. त्यांची बाजू कोणी मांडलेली नाही. ती मांडायला हवी, कारण पुरावा बराचसा त्यांच्या बाजूनं आहे.

चलथाण हे सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातलं गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत वसलेलं, सुरतहून भुसावळकडे जाणाऱ्या ताप्ती लाइनवर उधना सुटलं की थोड्याच वेळात येणारं, आणि पंचक्रोशीत ओळखलं जातं ते श्री चलथाण विभाग खांड उद्योग सहकारी मंडळीच्या साखर कारखान्यामुळे. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं याच लाइननं सुरतेकडे आली. कोणी लूमच्या खात्यात लागलं, कोणी डाइंग मिलमध्ये, आणि उसाच्या हंगामापुरती कोयता घेऊन येणारी ती निराळी. दिवाळीच्या बोनसमधून सायकल, मग टीव्ही, मग मोटारसायकल असा क्रम लागत लागत एके वर्षी घरात डिजिटल कॅमेरा आला. कॅननचा पॉवरशॉट, सोनीचा सायबरशॉट नाहीतर कोडॅकचा इझीशेअर. मुठीत मावणारा, चंदेरी आणि पेन्सिल सेलवर चालणारा.

सगळं रामायण या पेन्सिल सेलपासून सुरू होतं. कॅमेऱ्याच्या पाठीवर दीड-दोन इंचांचा पडदा असे आणि त्यावर चित्र बऱ्यापैकी खरं दिसे. पण पडदा म्हणजे सेलचा खप. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत एका भरणीवर किती फोटो निघतील याचे दोन आकडे छापलेले असत, पडदा चालू ठेवून आणि पडदा बंद ठेवून. दुसरा आकडा कितीतरी मोठा असे. त्यातही पुस्तिकेनं धरलेले सेल चांगल्या अल्कलाइन जातीचे. नाक्यावरच्या दुकानात मिळणारे, भिंतीवरच्या घड्याळात वर्षभर निभावणारे साधे सेल कॅमेऱ्यात घातले की हळद लागेपर्यंतही टिकत नसत. दुपारच्या उन्हात तर पडद्यावर फोटो काढणाऱ्याला स्वतःचंच नाक दिसे. म्हणून मामांनी रोलच्या काळातली सवय कायम ठेवली. पडदा बंद केला, एक डोळा मिटला आणि दुसरा कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या त्या बोटभर भोकाला लावला. इंग्रजीत व्ह्यूफाइंडर. घरात त्याला 'भोक'च म्हणत.

आता या भोकाची चौकशी. ते लेन्समधून बघत नाही. लेन्सच्या वर तीनेक सेंटीमीटरवर बसवलेली ती वेगळी, स्वतंत्र दुर्बीण असते. हाताचा अंगठा डोळ्यांपुढे धरून आधी उजवा आणि मग डावा डोळा मिटला की अंगठा जसा जागचा हलतो, तसंच इथे होतं. लांबच्या वस्तूला फरक पडत नाही. जवळची वस्तू मात्र जागा सोडते. फोटोग्राफीतले लोक याला पॅरलॅक्स म्हणतात. लेन्स खाली आणि डोळा वर, म्हणून डोळ्याला जे दिसलं त्याच्यापेक्षा फोटो थोडा खालचा येतो. वरचं कापलं जातं आणि खालचं न मागता मिळतं.

हे थोडं म्हणजे किती, ते कानबाईच्या फोटोत दिसतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. सुरतेकडेही तितक्याच थाटानं. चौरंगावर नारळाची देवी. त्याच नारळाला डोळे, नथ, ठसठशीत कुंकू, गळ्यात डोरलं. पुढे रोट, पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी. रात्रभर गाणी आणि सोमवारी विसर्जन. म्हणजे फोटो काढायला एकच रात्र. मामा गर्दीतून वाट काढत देवीच्या अगदी जवळ, वीतभर-दीड वीत अंतरावर, बसतात. तीस सेंटीमीटरवरून साध्या लेन्सच्या चौकटीत साधारण तीस सेंटीमीटर रुंद आणि बावीस सेंटीमीटर उंच एवढंच मावतं. त्यात तीन सेंटीमीटर खाली घसरणं म्हणजे चौकटीचा सातवा हिस्सा गेला. भोकातून पाहताना देवी कुंकवापासून डोरल्यापर्यंत नीट बसलेली असते. फोटोत नथ आहे, डोरलं आहे, खीर आहे, खिरीवर बसू पाहणारी माशीसुद्धा आहे, पण कुंकू नाही. घरातल्या म्हाताऱ्या आजींच्या दृष्टीनं ही साधी चूक नव्हे. देवीचं कपाळ कापलं, आता वर्षभर घरात काय काय होतं ते बघा, असा एकंदर सूर. त्या वर्षी कोणाचा पाय मुरगळला, कोणाची बदली झाली, लूमचा भाव पडला, सगळ्याचं खापर मामांवर.

तीच देवी आणखी जवळून, फुलाचं चित्र असलेलं बटण दाबून, पाच सेंटीमीटरवरून टिपायचा प्रयत्न केला तर चौकट उरते पाच बाय पावणेचार सेंटीमीटरची. तीन सेंटीमीटरची घसरण म्हणजे जवळजवळ अख्खी चौकटच खाली गेली. नथीवर नेम धरावा आणि फोटो डोरल्याचा निघावा! पुस्तिकेत सरळ लिहिलेलं असे की जवळचे फोटो पडद्यावर पाहूनच काढा. पुस्तिका अनेक भाषांत असे. त्यांत मराठी नसे, अहिराणीचा तर प्रश्नच नव्हता, आणि ती वाचायची असते हे कळायलाही कोणीतरी ती वाचावी लागते.

इथवर भोक दोषी ठरतं. पण हेच भोक आणखी एक लबाडी करतं आणि ती नेमकी उलट्या दिशेची आहे. ते कमी दाखवतं. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या भोकातून फोटोच्या साधारण चार पंचमांश भागच दिसतो. कडेचा बाकीचा भाग फोटोत येतो पण डोळ्याला कळत नाही. कंपन्यांनी हे मुद्दाम केलं होतं. जुळणीत थोडा वाकडेपणा राहिला किंवा माणसानं डोळा नीट टेकवला नाही तरी डोकं कापलं जाऊ नये म्हणून ठेवलेली ही माया. चष्मेवाल्यांना तर त्याहून कमी दिसे, कारण डोळा भोकापर्यंत पोचतच नसे आणि काचेवर घाम उमटे तो वेगळा.

या मायेचा नमुना नवापूर स्टेशनवर मिळतो. चलथाणहून गावी जाताना हे स्टेशन लागतंच. 1960 साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि सीमारेषा नेमकी या फलाटावरून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातमध्ये, आणि फलाटावर एक बाक अर्धा इकडे, अर्धा तिकडे. बाकावर दोन्ही राज्यांची नावं रंगवलेली आहेत. त्यावर बसून फोटो काढल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे जेजुरीला जाऊन भंडारा न उधळणं. मामा लगबगीनं खाली उतरतात, एक भाचा महाराष्ट्रात बसवतात, एक गुजरातमध्ये, आणि भोकातून दोन्ही नावं काठोकाठ बसली की बटण दाबतात. संगणकावर फोटो उघडला की महाराष्ट्राच्या डाव्या हाताला काडीनं कान कोरणारे एक अनोळखी गृहस्थ निघतात आणि गुजरातच्या पलीकडे केळीवाल्याची पाटी व तिच्यात तोंड घालणारी शेळी. ही मंडळी भोकात नव्हती. मायेतून आली.

त्यांचं येणं अगदीच वाया जात नाही. चलथाणच्या एका घरात बारशाचा फोटो आहे. तारीख नारिंगी अक्षरांत ठणठणीत छापलेली, पण ती 1 जानेवारी, कारण सेल बदलताना कॅमेऱ्याचं घड्याळ परत पहिल्या पायरीवर गेलं होतं. बारसं नेमकं कधी झालं यावर घरात दोन तट. निकाल लावला तो फोटोच्या वरच्या कोपऱ्यात न बोलावता आलेल्या कारखान्याच्या चिमणीनं. चिमणीतून धूर निघतोय, म्हणजे गळीत चालू, म्हणजे पावसाळा नव्हे. श्रावणात बारसं झालं म्हणणारा पक्ष तिथेच गारद झाला.

झूमबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लेन्सच्या झूमबरोबर भोकातलं चित्रही मोठं होई, एवढी अक्कल कॅमेऱ्याला होती. डिजिटल झूम मात्र भोकाला कळत नसे. अंगठा चुकून दाबलेला राहिला की डोळ्याला अख्खी वरात दिसे आणि फोटोत बँडवाल्याचा एक गाल येई. लेन्सवर आलेलं बोटही भोकातून दिसत नाही. खानदेशी फोटोंत खालच्या कोपऱ्यात दिसणारा गुलाबी ढग तो हाच.

आता मूळ प्रश्न. भोक जर कमीच दाखवतं आणि कडेला माया सोडतं, तर दोन-अडीच मीटरवरून काढलेल्या घोळक्याच्या फोटोत डोकी का उडावीत? तीन सेंटीमीटरची घसरण एवढ्या अंतरावर कोणाच्या खिजगणतीत नसते. शिवाय भोकानं वरचं कापलं तर खाली जमीन जास्त दिसायला हवी. इथे तर घोटेही गेले आहेत. वरून आणि खालून सारखंच कापलेलं आहे. ही भोकाची कामाची पद्धत नव्हे.

संशयाची सुई कडोदऱ्याच्या लॅबकडे वळते. कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्याचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो, कारण संगणकाचे त्या वेळचे पडदे तसे होते. लॅबचा कागद मात्र रोलच्या जमान्यातला, चार बाय सहा, म्हणजे तीनास दोन. सहा इंच रुंदीला फोटोची उंची साडेचार इंच होते आणि कागद असतो चार. अर्धा इंच कुठेतरी जायलाच हवा. मशीन पाव इंच वरून उडवतं, पाव इंच खालून. अख्ख्या उभ्या माणसांच्या फोटोत हा पाव इंच म्हणजे प्रत्यक्षातले दहाएक सेंटीमीटर. भुवयांपासून टाळूपर्यंत मोजून बघावेत. जमिनीपासून घोट्यापर्यंतही तेवढेच.

बाजूला पांढऱ्या पट्ट्या सोडून अख्खा फोटो छापायची सोय मशीनमध्ये होती. पण गिऱ्हाईकाला पट्ट्या खपत नसत. कागदाचे पैसे दिलेत तर कागदभर फोटो हवा, हा रोकडा हिशेब. लॅबवाल्यानं एकदोनदा बोलणी खाल्ली आणि मग सगळ्यांचंच मुंडण सुरू केलं. काही कॅनन कॅमेऱ्यांत 'पोस्टकार्ड' नावाची सोय होती. ती लावली की छापताना जाणारा भाग पडद्यावर आधीच करडा दिसे. ती ज्यानं वापरली असा मामा अजून भेटायचा आहे.

आणि इथे खटल्याला खरी कलाटणी मिळते. भोकातून काढलेल्या फोटोंत कडेला माया असे, म्हणून लॅबनं पाव इंच उडवला तरी बहुतेक वेळा फक्त मायाच उडे. डोकी शाबूत. पुढे मामांनी चार्जिंगचे सेल घेतले, भाच्याच्या सांगण्यावरून भोक सोडलं आणि पडदा धरला. पडदा प्रामाणिक, जे फोटोत येणार ते सगळं दाखवणारा. मामांनी मोठ्या विश्वासानं जिभाऊंची टाळू वरच्या कडेला टेकवली. फोटो कधी नव्हे इतका बिनचूक बसला आणि तोच लॅबच्या सुरीखाली बिनचूक सापडला. खोटं बोलणारं भोक डोकी वाचवत होतं आणि खरं बोलणाऱ्या पडद्यानं ती घालवली. या निकालाचं एखाद्या वकिलाला सोनं करता आलं असतं.

ज्यांनी फोटो छापलेच नाहीत ते सुटले, असंही नाही. पिवळ्या टोकाची वायर टीव्हीला जोडून सगळ्या घरानं फोटो बघायचा तो काळ. जुने पेटाऱ्याएवढे टीव्ही चित्राच्या चारही कडा आपल्या चौकटीमागे दडवत. तिथेही पहिला बळी मागच्या रांगेतला उंच माणूस.

फोटोग्राफीच्या इतिहासात हा घोळ पहिल्यापासून होता असं मात्र नाही. चित्रपट काढण्याआधी धुंडिराज गोविंद फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि काही काळ गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवून बसले. त्या काळच्या खोकेवजा कॅमेऱ्यात काळ्या कापडाखाली डोकं खुपसून घाशीव काचेवर चित्र बघायचं, आणि ते लेन्समधूनच आलेलं असे. माणूस उलटा दिसे, पण जेवढा दिसे तेवढा फोटोत येई. कॅमेरा लहान झाला, खिशात गेला, तेव्हा डोळा आणि लेन्स वेगळ्या झाल्या. मग त्यांना परत जुळवायला इंजिनिअरांनी काय काय केलं! लायकाच्या 1954 सालच्या एम थ्री मॉडेलमध्ये फोकस फिरवला की भोकातली चौकटच आपोआप सरकत असे. मामिया कंपनीच्या दोन लेन्सांच्या कॅमेऱ्यासाठी पॅरामेंडर नावाचं यंत्र मिळे. वरच्या लेन्समधून बघून घ्यायचं, मग खटका ओढून अख्खा कॅमेराच तेवढा वर उचलायचा, म्हणजे खालची लेन्स वरचीच्या जागी येते. हे डोकं लढवणाऱ्याला चलथाणात सत्कार मिळाला असता. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात असलं काही बसवणं परवडणारं नव्हतं. पडदे मोठे होत गेले तसं कंपन्यांनी भोकच काढून टाकलं; 2010 च्या सुमारास ते स्वस्त कॅमेऱ्यांतून जवळजवळ नाहीसं झालं.

मामांच्या बाजूनं शेवटचा साक्षीदार थेट चंद्रावरचा आहे. जुलै 1969 मध्ये नील आर्मस्ट्राँगनी बझ ऑल्ड्रिनचा जो फोटो काढला, हेल्मेटच्या काचेत समोरचं सगळं दिसतंय तो, जगात सर्वाधिक छापल्या गेलेल्या फोटोंपैकी एक असावा. छातीवर बसवलेल्या त्या हॅसलब्लॅड कॅमेऱ्याला भोकच नव्हतं. अंदाजानं अंग वळवायचं आणि बटण दाबायचं. मूळ फोटो तिरका आहे आणि ऑल्ड्रिनच्या पाठीवरच्या यंत्राची अँटेना वर कापली गेली आहे. प्रसिद्ध करताना वर काळ्या आकाशाची पट्टी जोडली गेली, म्हणून तो नीट वाटतो. आर्मस्ट्राँगना कोणी पंधरा वर्षं ऐकवलं नाही. आणि पट्टी जोडता येते, हे कडोदऱ्याला कळायला हरकत नव्हती.

सध्या हेच कॅमेरे पुन्हा कपाटाबाहेर येत आहेत. कॉलेजातल्या मुलींना मोबाइलपेक्षा त्या काळच्या फोटोंचा रंग आवडतो म्हणे, आणि मामांचा सायबरशॉट भाचीच्या गळ्यात दिसू लागला आहे. तिच्यासाठी एवढंच: लांबची माणसं असतील तर भोकातून खुशाल बघ, हातभर अंतरावरचं काहीही असेल तर पडदा लाव, पडदा लावलास आणि छापायचं असेल तर डोक्यावर बोटभर आकाश सोड.

बाकीच्यांनी आज एक काम करावं. लॅबनं कापलेली डोकी कागदावरून गेली आहेत, फाइलमधून नाहीत. त्या वेळी लॅबवाल्यानं दिलेली सीडी किंवा संगणकावरचा 'मामा फोटो' नावाचा फोल्डर शोधावा. सीडी कायम टिकत नाही, तेव्हा आधी तो माल पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा. मग लॅबमध्ये जाऊन स्पष्ट सांगावं, की अख्खा फोटो हवा, बाजूच्या पांढऱ्या पट्ट्या चालतील. कानबाईसारखे जे फोटो भोकानंच कापले त्यांच्यावर मात्र इलाज नाही. घोळक्याच्या ज्या फोटोंची फाइल सापडणारच नाही, त्यांच्या मागे घड्याळ, पोट आणि साडीवरून माणसं ओळखणारे घरात आहेत तोवर नावं लिहून ठेवावीत. या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही आणि बॉलपेनचा वळ पुढून दिसतो. सीडीवर लिहायचा मार्कर घ्यावा आणि शाई वाळल्याशिवाय फोटो एकावर एक ठेवू नयेत.